कैलासवासींची भिंत

तंबोरा जुळलाय की नाही हे ज्यांना कळत नाही, त्यांनीच कोणता गवई थोर हे ठरवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळानं ती फार निष्ठेनं पाळली. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मंडळाला नुकताच हॉल मिळाला होता. हॉल म्हणजे काय, मंडळाच्या अध्यक्षांच्या बंगल्यामागची एक लांबट खोली. अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले कर्नल होते, सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे त्यांनी घर बांधलं होतं. खोली त्यांनी मंडळाला वापरायला दिली आणि त्या दिवसापासून कमिटीच्या डोक्यात हवा गेली. समोरच्या भिंतीवर महाराष्ट्रातल्या थोर गायक-वादकांचे फोटो लावायचे आणि तिला 'स्वरभिंत' म्हणायचं असं ठरलं. भिंतीला कान असतात म्हणतात. म्हणजे त्या बाबतीत ती भिंत कमिटीच्या पुढेच होती.

मीटिंगा आमच्या दुर्गापुऱ्याच्या घरी व्हायच्या. एक तर माझे वडील मंडळाचे खजिनदार होते आणि दुसरं म्हणजे माझी आत्या साबुदाण्याचे वडे करायची. ही दोन कारणं मी सभ्यपणानं उलट्या क्रमानं सांगितली आहेत.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मूळ आम्ही साताऱ्याकडचे. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. पुढे माझी आई गेली, तेव्हा मला सांभाळायला म्हणून ती पेटी घेऊन आमच्याकडे आली. पेटी म्हणजे वाजवायची पेटी. कपड्यांची ट्रंक तिनं मागाहून मागवली. वडील विम्याच्या कंपनीत अधिकारी, त्यांच्या प्रत्येक बदलीबरोबर आम्ही दोघी आणि ती पेटी हिंडत जयपूरला येऊन टेकलो. तोवर मी शिकून एका शाळेत नोकरीलाही लागले होते.

आत्या गायची. आणि हे मी भाची म्हणून सांगत नाही, कान आहेत म्हणून सांगते. तिचा आवाज गोड-बिड नव्हता. भरदार होता, जरासा खरखरीत, आणि वरच्या षड्जाला गेला की तिथं ऐसपैस बसायचा, उतरायची घाई नाही. पण जयपुरात तिला गा म्हणून कोणी म्हणालं नाही. "बाई, जरा पेटीवर बसता का?" एवढंच. बँकेतल्या साहेबांच्या मुली, लष्करातल्या बायका, ज्यांना ज्यांना गणपतीत गायची हौस यायची त्या सगळ्यांच्या मागे आत्या पेटीवर. 'मराठी थोडं थोडं येतं' म्हणणारी पोरं अभंग म्हणायची आणि त्यांच्या आया डोळे पुसायच्या. कोणाचा श्वास तुटला, सूर खाली आला, की आत्या मागून हळूच आपला आवाज द्यायची. पडणारं माणूस सावरायचं, तसं. पुढच्या बाईला वाटायचं, आज काय लागलाय माझा आवाज! डोंबलाचा लागलाय.

बरं, आत्या गरीब गाय होती असं कोणी समजू नये. मला विनय जमत नाही, असं ती स्वतःच सांगायची. आपण चांगलं गातो हे तिला पक्कं माहीत होतं आणि बाकीच्यांना ते माहीत नाही याचा तिला मनापासून राग होता.

तर मीटिंग. मंडळाचे चिटणीस एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. गोल चेहरा, गोड बोलणं, आणि नाकानं कांदे सोलायची कला उपजत. त्यांनी एकेक थोर नाव पुकारायचं आणि बाकीच्यांनी त्याचं काहीतरी वाकडं काढायचं. एक बुवा बाद झाले कारण ते प्यायचे. एक बाई बाद झाल्या कारण त्यांचं घराणं 'आपल्यासारखं' नव्हतं. घराणं म्हणजे गाण्याचं नव्हे, खालच्या आवाजात बोलायचं ते. एका थोर तबलजींनी बायकोला टाकलं होतं, ते बाद. नागपूरकरांना आपला माणूस हवा, कोल्हापूरकरांना आपला, आणि पुण्याच्या एका गृहस्थांच्या मते बाकी कोणी गायलंच नव्हतं. गाण्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं असेल तर शपथ.

मग एका उस्तादांचं नाव निघालं. त्यांच्या पायाशी बसून महाराष्ट्रातले कितीतरी गवई शिकले होते. चिटणीस म्हणाले, "थोर आहेत, प्रश्नच नाही. पण ते मराठी नव्हेत ना."

आतून झाऱ्याचा खणकन् आवाज आला. आत्या हात पुसत दारात आली.

"मग तुमच्या भिंतीवरचे निम्मे काढून टाका," ती म्हणाली. "त्या उस्तादांनी शिकवलं नसतं तर बोंबलत बसले असते सगळे."

"बाई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण निकष म्हणून काही..."

"निकष मी सांगते. ज्याच्या गाण्याला तुम्हाला झोप येते तो लावा. म्हणजे हमखास चांगला निघेल."

सगळे हसले. तिखट बाईला हसून घेतलं की तिचं ऐकावं लागत नाही, ही युक्ती आपल्या लोकांना चांगली जमते. वडिलांनी डोळ्यांनी तिला आत जा म्हणून खुणावलं. माझे वडील भला माणूस, पण चार लोकांत मूग गिळून बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुढच्या मीटिंगला चिटणिसांना कल्पना सुचली. एक फोटो स्थानिक व्यक्तीचा हवा. जयपुरात राहून ज्या व्यक्तीनं मराठी गाणं जिवंत ठेवलं तिचा. शेवटची जागा तिच्यासाठी राखून ठेवायची. बोलताना ते वड्यांच्या ताटाकडे बघत होते, पण आत्याला वाटलं तिच्याकडेच बघतायत. मलाही वाटलं. कारण दुसरं होतं कोण?

पाहुणे गेल्यावर आत्या मला म्हणाली, "स्थानिक म्हणजे मीच की गं."

"तूच."

"मला लागायचंय त्या भिंतीवर," ती म्हणाली. "लाज कसली त्यात? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे बसले. एकदा समोर लागू दे की."

एवढं सरळ तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती इरकली नेसली, सायकलरिक्षात पेटी ठेवली आणि मला घेऊन चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका फोटो स्टुडिओत गेली. फोटोवाला म्हणाला, "बाईसा, थोड़ा मुस्कुराइए." आत्या म्हणाली, "गाते समय कौन मुस्कुराता है, भैया?" आणि खरंच गायला लागली. तो बिचारा बावचळला, पण फोटो त्यानं त्याच क्षणी काढला. मान किंचित वर, तोंड अर्धवट उघडं, उजवा हात पेटीवर. असा फोटो कोणी आपणहून काढून घेत नाही. आत्याला तो फार आवडला.

चिटणिसांनी तो बघितला आणि म्हणाले, "छान, छान. नावाआधी गं. भा. घालावं लागेल, नाही का?" विधवेच्या नावाआधी गंगाभागीरथी लावायची आपली ती घाणेरडी पद्धत.

"माझा नवरा गेला त्याचा आणि माझ्या षड्जाचा काय संबंध?" आत्या म्हणाली.

"तसं नाही, रीत म्हणून..."

"रीत गेली खड्ड्यात. नाव लिहा नुसतं."

तिसऱ्या मीटिंगला कर्नलसाहेब स्वतः आले. ताठ बसले, वडा घेतला नाही. चिटणिसांनी घसा साफ केला. एक नियम करावा लागेल, ते म्हणाले. भिंतीवर फक्त कैलासवासी व्यक्तींचे फोटो असावेत. फोटोला हार घालायचा म्हणजे जिवंत माणसाला घालणं अशुभ. त्यामुळे बाईंचं नाव यंदा तरी नियमात बसत नाही. आणि स्थानिक म्हणून त्यांनी आपल्या वहिनींचं नाव सुचवलं.

वहिनी म्हणजे कर्नलसाहेबांची बायको. आदल्या हिवाळ्यात गेली. बाई म्हणून लाख माणूस, तिच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. गाणं मात्र अरे देवा! दर गणपतीत एक भक्तिगीत म्हणायची, दरवर्षी तेच. सुरुवात ठीक. अंतरा आला की दम संपायचा आणि ती गोड हसून थांबायची, आणि तिथून पुढे आत्या मागून तिला ओढत न्यायची. शेवटच्या गणपतीत तर ती नुसते ओठ हलवत होती, आजारी होती बिचारी. सगळं गाणं आत्यानं मागून म्हटलं. कर्नलसाहेबांनी आपला परदेशी टू-इन-वन आणून ते टेप केलं होतं. प्लग पेटीच्या मागे होता आणि वायर आखूड, म्हणून ते यंत्र आत्याच्या गुडघ्याला लागून ठेवलं होतं.

"सर्वानुमते?" चिटणिसांनी विचारलं.

हात वर झाले. का नाही होणार? खोली कोणाची, हॉल कोणाचा! माझ्या वडिलांनीही हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. आत्याला वाटावं खाज सुटलीय आणि कमिटीला वाटावं मत दिलंय.

त्या दिवशी मी वडिलांशी जेवताना बोलले नाही. आत्या बोलली. "जिवंत आहे हा माझा दोष झाला म्हणायचा," ती म्हणाली. वडील म्हणाले, "जाऊ दे ना आक्का, एका फोटोचं काय एवढं." आत्यानं त्यांच्या पानात भात वाढला आणि आमटी वाढलीच नाही.

पाट्या रंगवायचं काम चारदीवारीतल्या एका पेंटरकडे दिलं होतं. प्रत्येक नावाआधी 'कै.' बघून त्यानं विचारलं, "ये सब एक ही खानदान के हैं क्या?" चिटणिसांनी त्याला समजावलं की आमच्यात कै. म्हणजे तुमच्यात स्वर्गीय. पेंटर समंजस माणूस. त्यानं कै. तसंच ठेवलं आणि त्याच्या आधी सगळीकडे 'स्व.' रंगवून टाकलं. कमिटीनं पाट्या भिंतीवर ठोकेपर्यंत वाचल्याच नाहीत. म्हणजे आमच्या भिंतीवरचा प्रत्येक कलावंत दोनदा मेलेला आहे. उद्घाटनाच्या सकाळी आत्यानं ते वाचलं आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. "बरं झालं गं नाही लागले," ती म्हणाली. पण हसून झाल्यावर ती त्या शेवटच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, ते मी पाहिलं.

ती आली कशाला, असं कोणी विचारेल. मीही विचारलं होतं. "प्रार्थनेला पेटी कोण वाजवणार, ते चिटणीस?" ती म्हणाली. तिला पेटी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नव्हती. ती पेटीवर बसली, मी तंबोरा घेऊन शेजारी. प्रार्थना झाली. भाषणं झाली. एका वक्त्यानं दोन गवयांची अदलाबदल केली, कोणाला कळलं नाही. फोटोंना हार घातले. मग चिटणीस म्हणाले की आता आपण वहिनींचा स्वर ऐकू या, आणि कर्नलसाहेबांनी टू-इन-वनचं बटण दाबलं.

आधी कोणीतरी खाकरलं. मग वहिनींचा बोलण्यातला आवाज, "लावू का?" आणि मग गाणं.

पहिल्या ओळीलाच मी आत्याकडे बघितलं. भरदार, जरासा खरखरीत. तोच आवाज, ज्यानं माझी लहानपणची आजारपणं निभावली होती. वहिनींचा स्वर त्यात कुठंच नव्हता. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काय आवाज होता हो वहिनींचा!" आत्याचा हात भात्यावर नुसता पडून होता. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. राग नव्हता तो. ती स्वतःला पहिल्यांदा ऐकत होती.

अंतरा आला, आवाज वर चढू लागला आणि लाइट गेली. जयपूरची लाइट, तिला काय स्वरभिंतीचं कौतुक! टेप घरघरत थांबली. टू-इन-वनमध्ये सेल घालायचे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

आणि आत्यानं ओळ उचलली. जिथं तुटली होती तिथूनच, त्याच स्वरावरून. वर गेली, षड्जावर बसली, नेहमीसारखी ऐसपैस. पेटी वाजवली नाही, नुसता आवाज. माझा तंबोरा कसाबसा चालू होता. मला वाटलं, आता कळेल. गाढवालासुद्धा कळेल. टेपवरचा आवाज आणि हा आवाज, मध्ये एका श्वासाचं अंतर. आता उठतील, बघतील, लाजतील.

गाणं संपलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. चिटणीस पुढे झाले, डोळ्यांत पाणी. "बाई, कमाल केलीत! हुबेहूब वहिनींचा आवाज काढलात!"

आत्या म्हणाली, "काढला नाही. माझाच आहे तो. टेपमधलासुद्धा."

सगळे हसले. अहो, खरंच हसले! कोणीतरी म्हणालं, "बाईंचा स्वभाव म्हणजे ना..." आणि वड्यांकडे वळले. पालथ्या घड्यावर पाणी. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. त्यांना कळलं होतं. 

कर्नलसाहेब मात्र हसले नव्हते. गर्दी चहाकडे गेली तसे ते आमच्याजवळ आले आणि त्या ताठ माणसानं चक्क खाली सतरंजीवर बसकण मारली.

"बाई, मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती खाकरते आणि 'लावू का' म्हणते, तेवढीच ती. बाकी सगळं तुमचं. मी रोज लावतो ते. कृपा करून ह्यांना पटवत बसू नका. माझ्याकडे तिचा आवाज तेवढाच राहिलाय."

क्षणभर मला त्यांची दया आली. आत्यालाही आली असावी. तिनं पेटीचा भाता बंद केला, कडी लावली.

"माझाही तेवढाच आहे, कर्नलसाहेब," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठेच नाही. आणि त्याच्यावर तुम्ही दुसरीचा फोटो लावलात."

 आम्ही पेटी उचलली आणि बाहेर पडलो. त्या हॉलमध्ये आत्या पुन्हा गेली नाही. त्या वर्षी गणपतीत मंडळाची आरती पेटीशिवाय झाली आणि म्हणे फार छान झाली. मी तिला किती वेळा म्हटलं, आपण टेपरेकॉर्डर आणू, तू गा. ती म्हणायची, बघू. एकदा तर म्हणाली, "आता कोणासाठी?" मग तिला दम्यानं धरलं आणि गाणं सुटलं ते सुटलंच.

दशक संपायच्या आत ती गेली. तेराव्यानंतर चिटणीस भेटायला आले. केस पांढरे झाले होते, बोलणं तितकंच गोड. पाणी प्यायले, आत्याची खूप स्तुती केली. मग खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "कमिटीत विषय झालाय. आता बाई नियमात बसतात."

वडील कोपऱ्यात बसले होते. 

आत्याचा तो गातानाचा फोटो भिंतीवर होता, पेटीच्या वर. चिटणीस त्याच्याकडे बघत होते. हाच द्या, छान आहे, असं म्हणाले.

मी म्हटलं, "देते. त्याच्या बदल्यात मला ती टेप द्या. कर्नलसाहेबांची."

चिटणीस गोंधळले. त्यांनी खरोखरच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "वहिनींची टेप? ती घेऊन तुम्ही काय करणार?"

मी उठून दार उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत उघडं धरून उभी राहिले. फोटो अजून माझ्याकडे आहे. आवाज नाही.